मामाचा ओढांक

"मामा, तू पळून जाणार आहेस का?"

शिवन्याने हे विचारलं ते भर चौकात, रसवंतीच्या बाकड्यावर बसून, उसाच्या रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरून. दोन बाकडी सोडून मागे तनिष्का आणि सफा ओढणीत तोंड खुपसून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. "जिल्ह्यात वक्तृत्वाची ढाल मारलीस ना, मग एक प्रश्न विचारून दाखव. तुझ्या मामालाच." सफाने तर, "नाही विचारलास तर ती ढाल आठ दिवस आमच्या टीव्हीवर," असंही जाहीर करून टाकलं होतं. आणि ढाल हातची जाऊ द्यायला शिवन्या मुरदंडे काही तयार नव्हती.

प्रल्हादमामाने ग्लासातला बर्फ फिरवायचं थांबवलं. त्याच्या डाव्या मनगटात कोर्टाचं करडं कडं होतं, बोटभर रुंद, आणि त्याच्या कडेला एक बारीक हिरवा ठिपका उजळत-विझत होता.

"कुठं पळू?" तो म्हणाला. "चपलेचा अंगठा तुटलाय. पळायचं म्हटलं तर आधी तो शिवून घ्यायला पाहिजे."

मागून खिदळणं ऐकू आलं. मामाने वळून बघितलं आणि त्याला काय ते कळलं. "मैत्रिणी व्हय तुझ्या? बोलव की पुढं. आलं-लिंबू घातलेला सांगतो त्यांना."

मग चौघांनी मिळून रस प्यायला. मामाने कारखान्यातल्या गमती सांगितल्या, सफाला हसताहसता ठसका लागला, आणि घरी जाताना तनिष्का म्हणाली, "तुझा मामा भारी आहे गं. असला माणूस कशाला पळतोय." शिवन्याची मान आणखी दोन इंच ताठ झाली. मामाने स्वतःचा रस अर्धाच प्यायला होता हे तिने बघितलं होतं, पण तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही.

तशी ती मुळातली बोलकी नव्हे. आठवीपर्यंत हजेरीला "उपस्थित" म्हणायची ते शेजारच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. नववीत विज्ञान प्रदर्शन आलं. मामामुळे कड्याची सगळी माहिती घरात आयतीच होती, म्हणून तिने त्याच्यावर तक्ता केला. परीक्षकांपुढे तिने तोंड उघडलं, आणि ते मग मिटलंच नाही.

तक्त्याची सुरुवात पक्ष्यांपासून होती. स्थलांतराचा हंगाम आला की पिंजऱ्यात वाढलेला पक्षीसुद्धा बेचैन होतो. त्याने मोकळं आभाळ बघितलेलं नसतं, कुठे जायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी तो नेमक्या त्याच दिशेच्या सळ्यांवर उड्या मारत राहतो. पुढे शास्त्रज्ञांना माणसातही याच्याच जवळपासचं काहीतरी सापडलं. माणसाने काही मोठं मनाशी पक्कं केलं आणि ते पोटात ठेवलं, की शरीर आपलं आपण तयारीला लागतं. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर एरवी थोडं कमी, थोडं जास्त होत असतं. ते फूटपट्टीने आखल्यासारखं एकसारखं होतं. झोप रोज ठरल्या वेळी मोडते. पावलं लांब पडायला लागतात. तोंड गप्प असतं, पण मनगट चुगली करत असतं. कडं हे सगळं मोजतं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा काढतं. त्याला म्हणतात ओढांक. ज्या आरोपींचा ओढांक नव्वदच्या वर गेला त्यांतले शंभरात चौऱ्याण्णव जण आठवड्याभरात गाव सोडून गेले, असं चाचण्यांत दिसलं होतं. चौऱ्याण्णव हा आकडा शिवन्याने तक्त्यावर लाल स्केचपेनने लिहून त्याला चौकट केली होती.

तक्त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात कायदा होता. पूर्वी कुणाला जामीन राहायचं म्हणजे सातबारा दाखवा, घरपट्टीची पावती दाखवा, नाहीतर रोख रक्कम भरा. ज्याच्याकडे यातलं काही असणारा माणूस नाही, तो खटला उभा राहायच्या आधीच वर्षानुवर्षं आत. नव्या कायद्याने ती अट काढली. आता लागतो तो नुसता ओळखीचा, भरवशाचा माणूस. त्याने रोज आरोपीला समक्ष बघून हजेरी लावायची आणि प्रत्येक तारखेला त्याला कोर्टात उभं करायचं. ओढांक नव्वद ओलांडला तर त्याचा निरोप पोलिसांना जात नाही, जामीनदाराला येतो. चोवीस तासांत त्याने आरोपीला भेटायचं, त्याच्याशी बोलायचं आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: आपण अजून यांना जामीन आहात का? नाही म्हटलं, तर जामीनदार मोकळा आणि दुसरा कुणी मिळेपर्यंत आरोपी आत. हो म्हटलं आणि आरोपी पळाला, तर तो सापडेपर्यंत तसलंच कडं जामीनदाराच्या हातात. तालुक्याच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

मामावर खटला होता तो आगीचा. इंगवले मालकांच्या यंत्रमाग कारखान्यात तो जॉबर होता. बिघडलेले माग दुरुस्त करायचं त्याचं काम. एका पहाटे मोटारीपाशी आग लागली आणि आत झोपलेले वॉचमन बिरूअण्णा धुरात गुदमरून गेले. मालकांनी जबाब दिला की सुरक्षेचा स्विच जॉबरने परस्पर काढून टाकला होता. मामा त्यावर हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याच मालकांच्या दुसऱ्या शेडमध्ये शिवन्याचे पप्पा बारा तासांच्या पाळीवर माग चालवायचे.

पप्पा मेहुण्याला जामीन राहायला निघाले, तेव्हा आई म्हणाली होती, "मालक काय म्हणतील?"

"मालक मालकाच्या जागी," पप्पा म्हणाले. "प्रल्हाद पळाला तर कडं माझ्या हातात. आणि तो पळणाऱ्यातला नव्हे."

एवढं सगळं नीट झालं, आणि घोळ झाला तो अंगठ्याचा. वीस वर्षं सूत हाताळून पप्पांच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. नोंदणीच्या खिडकीत यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवला, लाल. तेल लावून ठेवला, लाल. मागची रांग कुरकुरायला लागली. खिडकीतल्या माणसाने सुस्कारा सोडला आणि शिवन्याकडे बोट केलं. "मुलगी ना तुमची? तिचा लावा. घरचाच अंगठा आहे. मागवाल्यांचं सगळ्यांचं असंच करावं लागतंय."

शिवन्याने अंगठा ठेवला. हिरवा.

"बघा, कशी गुणाची पोर," पप्पा खूश झाले. कारखान्यात फोन आत न्यायला बंदी, म्हणून जामीनदाराचं ॲपही तिच्याच फोनवर आलं. तर कागदावर जामीनदार विनायक दत्तात्रय मुरदंडे, आणि प्रत्यक्षात दहावी अ, हजेरी क्रमांक एकतीस.

तिला ते काम मनापासून आवडायचं. शाळा सुटली की ती सायकल घेऊन मालकांच्या चाळीतल्या मामाच्या खोलीवर जायची. दारातच आवाज यायचा, "या कोर्टसाहेब. आरोपी हजर आहे. आरोपीने आज पिठलं केलंय, चाखून बघा."

"मीठ जास्त झालंय, आरोपी."

"मग, जामीन रद्द?"

"या खेपेला माफ. पुन्हा असं घडता कामा नये."

सव्वा वर्ष हे असंच चाललं होतं. पैजेनंतरच्या आठवड्यात मात्र पिठलं बंद झालं. मामा खोलीत असायचा, पण खिडकीतून रस्त्याकडे बघत. एकदा त्याने विचारलं, "शिवू, ते पळण्याचं, पप्पांनी विचारायला सांगितलेलं का गं?"

"छे. आमची पैज होती."

"मग बरं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "पप्पांना दुसरीकडं कुठं काम मिळेल का गं? म्हणजे समजा, लागलं तर?"

"पप्पांना कशाला दुसरीकडे काम पाहिजे?" शिवन्या हजेरीचं बटण दाबत म्हणाली. तिला क्लासला उशीर होत होता. तिने वर बघितलंही नाही.

बुधवारी मोठ्या सुट्टीत फोन थरथरला. प्रल्हाद गणपती सातपुते, ओढांक ब्याण्णव. चोवीस तासांत उत्तर द्यावे.

तिघी वर्गाच्या मागच्या पायरीवर डबा खात होत्या. तनिष्काने स्क्रीन बघितली आणि तिचा घास हातातच राहिला. "नव्वदच्या वर? शिवू, तूच सांगितलं होतंस ना. चौऱ्याण्णव."

"आणि उरलेले सहा काय करतात गं?" सफाने विचारलं.

"ती चाचणीतली चूक असते," शिवन्या म्हणाली. एकदम खात्रीने म्हणाली. परीक्षकांनीही हाच प्रश्न विचारला होता आणि त्यांना हे उत्तर पटलं होतं.

तिने मामाला फोन लावला. बंद. कडं कुठे आहे हे कोर्टाने वॉरंट काढल्याशिवाय कुणालाच दिसत नाही, तसा कायदाच आहे. शेवटचा तास बुडवून ती सायकल दामटत चाळीत गेली. खोलीला कुलूप. शेजारच्या शेवंताकाकू दारात गहू निवडत बसल्या होत्या.

"मामा? सकाळीच गेला की. माझी शेगडी आणून दिली. म्हटलं राहू दे, तर म्हणतोय लोकांच्या वस्तू आपल्याकडं नकोत. दुरुस्तीची हत्यारंही वाटून टाकली म्हणे सगळी."

"कुठे गेला, काही बोलला?"

"आपल्याला काय सांगतोय तो. चार दिवस झाले, तोंडाला कुलूप आहे."

शिवन्याने खिडकीच्या फटीतून बघितलं. पलंगावर कपड्यांची भरलेली बॅग होती, चेन लावलेली. भिंतीवरचा देवाचा फोटो काढून बॅगेवर ठेवला होता.

उत्तर द्यायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ होता. पप्पांची पाळी रात्री आठला सुटायची, तोवर थांबता आलं असतं. आई घरीच होती. पुढे कितीतरी दिवस शिवन्या ही यादी मनात फिरवायची. काय काय करता आलं असतं. पण त्या दुपारी चाळीच्या जिन्यावर बसलेल्या शिवन्याला दिसत होता तो पप्पांचा हात, मागावर सूत सारणारा, आणि त्यात करडं कडं. आणि खरं सांगायचं तर तिला आणखीही एक गोष्ट आठवली, जी तिने कुणालाच सांगितली नाही. शनिवारी पुण्यात राज्यस्तरीय स्पर्धा होती आणि पप्पा सोबत येणार होते. कडं घातलेला माणूस तालुक्याबाहेर जाऊ शकत नाही.

तिने ॲप उघडलं.

आरोपीला समक्ष भेटलात का? आपण त्याच्या दारात आहोत, म्हणजे भेटल्यासारखंच, असं तिने ठरवलं. हो.

जाण्याविषयी आरोपीला विचारलंत का? विचारलंच होतं. तीन आठवड्यांपूर्वी, चौकात, रस पिताना. हो.

आपण अजून यांना जामीन आहात का?

चार वाजून चार मिनिटांनी तिने 'नाही' वर बोट ठेवलं आणि मग अंगठा लावला. हिरवा. काम झालं. तिला हलकं वाटलं, एखादा अवघड प्रश्न वेळेत सोडवून पेपर दिल्यासारखं. क्लास करून ती सहाला घरी गेली.

स्वयंपाकघरात मामा चहा पीत बसला होता.

"आलीस?" आई म्हणाली. "बघ, मामा आलाय. पप्पांशी काहीतरी बोलायचंय म्हणतोय, आठ वाजेपर्यंत थांबणार आहे. जेवूनच जाईल. मला सांगेल तर शपथ."

"दाजींनाच आधी सांगतो, आक्का. मग तुला." मामाचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. "काय कोर्टसाहेब, आज हजेरी राहिली की आमची."

फोन काढून शिवन्या ॲप उघडणार, काहीतरी करणार, एवढ्यात दारात दोन पोलीस उभे राहिले. मोठा होता तो चांगल्या आवाजात म्हणाला, "प्रल्हाद सातपुते? चला. जामीनदाराने जामीन काढून घेतलाय."

"कुणी?" आईने विचारलं.

"विनायक मुरदंडे." त्याने हातातला कागद वाचला. "इथलेच ना ते?"

मामाने कप बशीत ठेवला. "दाजींनी?" त्याने एवढंच विचारलं, आणि ते कुणाला विचारलं ते कळलं नाही. मग म्हणाला, "आठला पाळी सुटते त्यांची. तेवढं थांबता येईल का?"

"नाही हो. तसं नाही चालत."

"बरं." तो उठला. आईच्या खांद्यावर त्याने हात ठेवला, शिवन्याकडे बघून जरासा हसला आणि गेला. जिल्ह्याची ढाल जिंकलेल्या त्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही.

पप्पा आले. त्यांनी दारात चपला काढायच्या आधीच आईने विचारलं, "तुम्ही केलंत?"

पप्पांनी आधी आईकडे बघितलं. मग शिवन्याकडे बघितलं, आणि एका क्षणात त्यांना सगळं कळलं. तिचा चेहराच तसा झाला होता.

"हो," पप्पा म्हणाले. "मीच."

"का?"

"यंत्राने सांगितलं, पळणार आहे."

"यंत्राने." आईने तेवढाच शब्द उचलला, आणि त्या दिवसापासून ती पप्पांशी बोलायची बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा सायकलला हवा भरत होते तिथे शिवन्या गेली. "पप्पा, मी आईला सांगते."

"काय सांगतेस? नाव माझं आहे. सही माझी आहे. उत्तर माझंच." त्यांनी पंप बाजूला ठेवला. "भावाला आत घातलं म्हणून ती माझ्याशी बोलत नाही, ते चालेल. नवराबायकोचं काय, आज ना उद्या बोलतील. तुझ्याशी बोलायची बंद झाली तर मला बघवणार नाही. दहावीचं वर्ष आहे. अभ्यास कर."

शिवन्याने अभ्यास केला. पुण्याच्या स्पर्धेला मात्र गेली नाही. घसा बसला म्हणून शाळेत कळवलं. तनिष्का म्हणाली, "तुझा आकडा बरोबर होता ना पण? पळणारच होता ना तो?" पळणारा माणूस बहिणीकडे चहा प्यायला कशाला येईल, हा प्रश्न शिवन्याला वर्गात, जेवताना, आंघोळ करताना, कुठेही गाठायचा.

घरात ती आता टपाल झाली होती. आई म्हणायची, "शिवू, त्यांना सांग, डबा भरलाय." पप्पा तीन हातांवर उभे असायचे. "पप्पा, डबा भरलाय." मग पप्पा म्हणायचे, "तिला सांग, उशीर होईल आज." आणि शिवन्या तेही सांगायची.

तीन आठवड्यांनी तारीख पडली. मामा कोर्टात उभा राहिला आणि एक शब्दही बोलला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात आई आणि शिवन्या जिल्ह्याच्या तुरुंगात भेटीला गेल्या. फाटकाबाहेर मामाला कोर्टाने मोफत दिलेल्या वकील, मुल्ला मॅडम, त्यांची वाट बघत थांबल्या होत्या.

"ताई, तुम्ही त्यांना समजवा म्हणून सांगतेय," त्या आईला म्हणाल्या. "जामीन गेला त्या बुधवारी ते दिवसभर माझ्या ऑफिसात होते. चार पानी निवेदन दिलं त्यांनी. स्विच मालकांनी काढायला लावला होता. वायरिंग जुनं झालंय म्हणून यांनी तीनदा चिठ्ठी लिहून कळवलं, दोन चिठ्ठ्यांच्या प्रती आहेत. येत्या तारखेला उभं राहून सगळं सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. मालकांची खोली, ती सोडावी लागणार, म्हणून आवराआवर करून ठेवली होती. फक्त संध्याकाळी दाजींना आधी सांगतो म्हणाले. त्यांची नोकरी जाईल, त्यांची परवानगी घेतल्याशिवाय नको."

आई भिंतीला टेकली.

"आता म्हणतात, पानं फाडून टाका. दाजींनी मालकांची बाजू धरली, मी तोंड उघडलं तर बहिणीचं घर मोडेल. दुसरा जामीनदार शोधते म्हटलं, त्यालाही नकार. म्हणतात, आता कुणाला अडकवायचं नाही."

आत काचेपलीकडे मामा बसला होता. दाढी वाढलेली, मनगट मोकळं. कड्याच्या जागी फिकट पट्टा राहिला होता.

"दाजींवर राग धरू नकोस, आक्का," तो फोनमध्ये म्हणाला. "त्यांना पोर आहे, घर आहे. माझं काय." मग त्याने शिवन्याकडे बघितलं. "कोर्टसाहेब, वाळलीस गं. जेवतेस का नाही?"

शिवन्याने फोन घेतला. "मामा, ते पप्पांनी..." ती म्हणाली, आणि फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. शिपायाने घड्याळाकडे बोट दाखवलं. मामा उठताउठता म्हणाला, "माहितीय. पप्पांनाही वाईट वाटत असेल. त्यांना सांग, मला कळतंय." आणि वळून गेला.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर शिवन्या मुल्ला मॅडमच्या ऑफिसात गेली. सफा बाहेर सायकली सांभाळत उभी राहिली.

"मॅडम, समजा," शिवन्या म्हणाली, "उत्तर जामीनदाराने दिलंच नसेल तर?"

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. घाई केली नाही. "मग ते उत्तरच नव्हे. जामीन होता तसा चालू समजतात. ज्याने खरं उत्तर दिलं तो अंगठा तपासतात, जुळला की आरोपी दुसऱ्या दिवशी बाहेर."

"आणि जामीनदार?"

"जामीनकी दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, बाळा. त्याने ती अल्पवयीन मुलीच्या हातात दिली. एक वर्ष कडं. रोज ठाण्यात हजेरी. आणि यापुढे तो कुणालाही जामीन राहू शकत नाही."

"आणि त्या मुलीला?"

"तिला न्यायाधीश चार शब्द सुनावतील आणि घरी पाठवतील. तिला काही होणार नाही."

हे ऐकून शिवन्याला रडू आलं. आत्तापर्यंत ती रडली नव्हती. मॅडमनी तिला पाणी दिलं, मग कपाटातून जामीनदारांसाठीची पुस्तिका काढून एक पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. शिवन्याने हीच पुस्तिका तक्ता करताना वाचली होती, पण आकड्यांचं पान मिळाल्यावर पुढचं वाचलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं: ओढांक निर्णय झाल्याचे दाखवतो, कोणता झाला ते दाखवत नाही. ते जाणून घेणे हे जामीनदाराचे काम आहे.

"त्या सहा जणांमधला एक होता तुझा मामा," मॅडम म्हणाल्या. "जायचं नव्हतं त्याला. उभं राहायचं होतं. शरीराला दोन्ही सारखंच."

शिवन्या ते पान बराच वेळ वाचत बसली. पुस्तिका ज्यांनी लिहिली त्यांना आपलं यंत्र कुठे संपतं हे माहीत होतं. तिथून पुढे त्यांनी माणूस ठेवला होता. त्याने चाळीच्या जिन्यावर बसून संध्याकाळपर्यंत वाट बघावी, एवढंच त्याचं काम होतं. बुधवारी त्या जागी ती होती, आणि तिला घाई होती.

रविवारी सकाळी कारखाना बंद होता. पप्पा पेपर वाचत होते, आई पोहे भिजवत होती. पाचवा आठवडा होता.

"शिवू, त्यांना सांग, चहा झालाय."

"मी नाही सांगणार," शिवन्या म्हणाली.

आईने मान वर केली. पप्पांनी पेपर खाली घेतला, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते ओळखून पटकन म्हणाले, "शिवू, अभ्यासाला बस जा."

"पप्पा, आज मला बोलू द्या." तिचा आवाज स्पर्धेतल्यासारखा नव्हता. आठवीतल्यासारखाही नव्हता. "आई, ते उत्तर पप्पांनी दिलं नव्हतं. मी दिलं होतं. पप्पा तेव्हा पाळीवर होते, त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. मी मामाला भेटले नाही, त्याला काही विचारलं नाही, आणि भेटले, विचारलं असं लिहून मोकळी झाले. मग पप्पांनी तुला खोटं सांगितलं, कारण तू माझ्याशी बोलायची बंद होशील म्हणून ते घाबरले."

आईचा हात पोह्यांच्या भांड्यात तसाच राहिला. तिने पप्पांकडे बघितलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा बघितलं. पप्पा जमिनीकडे बघत होते.

"हिला गप्प बसव," ते म्हणाले. कुणामार्फत नाही, सरळ आईला म्हणाले.

शिवन्याने श्वास घेतला.

"उद्या अकरा वाजता मुल्ला मॅडमबरोबर मी कोर्टात जाणार आहे आणि अंगठा माझा आहे हे सांगणार आहे. परवा मामा बाहेर येईल, मग बोलायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल. पप्पा, कडं तुमच्या हातात येणार आहे, वर्षभर. मालकांकडचं काम जाईल बहुतेक. माझ्या हातात काहीच येणार नाही, ते मी मॅडमना विचारून घेतलंय. तुम्ही दोघं नाही म्हणालात, तरी मी जाणार आहे."